सात सुयांचा दोरा

बारामतीच्या त्या दुकानात काळ्या दोऱ्याचं शेवटचं रीळ उरलं होतं, आणि त्याच्यावर एकाच क्षणी दोन हात पडले. एक माझा. दुसरा... बोटांवर तारेचे बारीक ओरखडे असलेला, नखांत वंगणाची काळी रेघ, पण इतका हलका, की रिळावर पाखरू येऊन बसल्यासारखं वाटलं.

“घ्या की,” तो म्हणाला. हात मात्र उचलला नाही.

“तुम्ही घ्या,” मी म्हणाले. आणि मीही नाही उचलला.

दुकानदार काका चष्म्यावरून बघत होते. “घ्यायचं त्यानं घ्या, पण घ्या. मागं गिऱ्हाईक थांबलंय.”

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्तच मिटायचा.

“शिवणकाम करता?”

“नाही.”

“मग काळा दोरा कशाला लागतो?”

इथं दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, आईनं मागवलाय. पण मी रोज सकाळी आंघोळ झाली की बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून पंचशील घेते. त्यातलं चौथं शील म्हणजे खोटं न बोलणं. गोड, सोयीचं, कुणाचं काही न बिघडवणारं खोटंसुद्धा नाही. त्या शिलापायी माझी आजवर बरीच पंचाईत झालेली आहे.

“तोडायला,” मी खाली बघत म्हणाले.

“काय?”

“दोरा... तोडायला लागतो.”

तो पुन्हा हसणार होता. पण त्याची नजर माझ्या मनगटावर गेली. भंतेजींनी बांधलेला पांढरा परित्राणाचा दोरा, त्याला तीन गाठी. हसू तिथंच थांबलं.

“‘हातातली गंमत’... ते तुमचं हाय?”

माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. ‘हातातली गंमत’ हे माझं चॅनेल. त्यावर मी जादूचे प्रयोग शिकवते, म्हणजे शिकवायचे. फुकट. चेहरा दाखवायचा धीर मला कधी झाला नाही, म्हणून पडद्यावर फक्त हात आणि मनगटावरचा तो दोरा. पावणेतीन वर्षांत मला ओळखणारा हा पहिला माणूस.

“हो,” मी म्हणाले. थोडा अभिमान होता त्यात, कबूल करते.

त्यानं रिळावरचा हात काढून घेतला. “मग घ्या. तुमीच घ्या. आमच्या आबांना आता दोरा लागत न्हाय.”

आणि तो दुकानाबाहेर पडला.

मी पैसे दिले, रीळ मुठीत धरलं आणि त्याच्या मागं निघाले. का निघाले? कुणी माझ्यावर चिडलं आणि कारण कळलं नाही, की मला जेवण जात नाही, एवढंच खरं कारण. बसस्थानकावर इंदापूर गाडी लागलेली होती. खिडकीशी तो. गाडी गच्च, आणि त्याच्या शेजारचीच तेवढी जागा रिकामी.

“इथं कुणी आहे का?”

“बसा,” तो बाहेर बघत म्हणाला. “जागा कुणाचीच न्हाय. जुनीच हाय.”

हे शब्द कुठंतरी ऐकल्यासारखे वाटले. गाडी सुटली, एका उसाच्या ट्रॉलीमागं अडकली, आणि मला आठवलं. ते माझेच शब्द होते.

श्रावणात टाकलेला तो व्हिडिओ. सहा लाख लोकांनी पाहिलेला. सुरुवातीलाच मी म्हणाले होते, “ही बाजारातली जुनी जादू आहे. कुणाचीच नाही. चला, शिकूया.”

“दोऱ्याची जादू...” मी म्हणाले.

“ज्ञानदेव आबा. माझे आजोबा. निमगाव केतकीच्या बाजारात सेहेचाळीस वर्षं सुया विकतात. विकत होते.”

मला सगळं दिसलं. माझा मामा, रविराज मास्तर, निमगावचा. शाळेत असताना सुट्टीला गेले, की बाजारादिवशी मी मामीची पिशवी काखेत धरून त्या सुईवाल्याच्या कडेला जाऊन उभी राहायची. तो हातभर काळा दोरा घ्यायचा. सगळ्यांदेखत सात तुकडे करायचा. वाटाण्याएवढी गोळी करून समोरच्याच तळहातावर ठेवायचा. मूठ मीट म्हणायचा, फुंकर मार म्हणायचा. मग टोक धरून ओढायला लावायचा... आणि मुठीतून अख्खा दोरा निघायचा. नुसता दोरा नाही. त्यात ओवलेल्या सात सुया, उन्हात चमकत, हेलकावत. मग त्याची आरोळी, “तुटलेलं जोडायचं असंल तर सुई घ्या, बाई, सुई!”

“मी समजत होते...” शब्द जुळेनात. “मी बघून बघून ओळखलं होतं ते. मला वाटलं, बाजारात होतं म्हणजे सगळ्यांचंच असेल.”

“दिवाळीच्या आधल्या बाजारी एक जण मोटारसायकलवर बसून वरडला, ‘म्हाताऱ्या, अंगठ्यामागं हाय!’ लोक हसले. वर त्यानं आबांला फोन दाखवला. तुमचे हात. तुमचा आवाज. ‘कुणाचीच नाही.’” त्यानं प्रथमच माझ्याकडं वळून पाहिलं. “आबांनी सुयांची पेटी गुंडाळली, माळ्यावर ठिवली. तवाधरनं बाजार न्हाय. गेल्या आठवड्यात म्हणले, दोरा आण. म्हणून बारामतीला आलो. आन सकाळी निघताना म्हणले, राहू दे, नको आणूस.”

“मग दुकानात कशाला...”

“वाटलं, आणल्यावर हातात तरी धरतील.”

मी पदराशी चाळा करत राहिले. मग मला माझी बाजू आठवली, माणसाला आठवतेच. मी सांगितलं, आमच्या आत्याला एका बाबानं लिंबातून रक्त काढून दाखवलं आणि तिच्या कानातली फुलं घेऊन गेला. मी बारामतीत माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. कशात काय मिसळलं की रंग पालटतो, ते मला ठाऊक. मी ते लिंबू उघडं केलं, तिथून चॅनेल सुरू झालं. शिकवायचं ते फुकट, जाहिरात नाही, दान समजून. लपवलेलं उघडं केलं की त्यातलं खोटं जातं, असं मला वाटायचं.

“बरोबर हाय की,” तो म्हणाला. “बाबाचं लिंबू उघडं केलंत, लय चांगलं केलंत. पर आबांनी कुणाच्या कानातलं नेलं? दोन रुपयाची सुई दिली, ती बी चांगल्यातली.”



“लासुर्णेऽ” कंडक्टर ओरडला.

“लासुर्णे?” मी उभीच राहिले. “अहो, मला कन्हेरीला उतरायचं होतं!”

कन्हेरी केव्हाच मागं गेली होती. मी धडपडत उतरले. वळून बघते तर तोही उतरलेला.

“तुम्ही का उतरलात?”

“परतीची गाडी कवा हाय, कुठं थांबती, ठाऊक हाय का तुमाला?”

“नाही.”

“मग? पर मी रागावलोय, ते ध्यानात असू द्या.”

“ध्यानात आहे.”

ट्रॉल्यांमागून ट्रॉल्या गेल्या. कारखान्याकडून मळीचा आंबूस गोड वास येत होता.

“चहा घेणार?” तो म्हणाला. अजून रागावलेलाच होता. चहात साखर कमी पडली म्हणून टपरीवाल्याशी माझ्यासाठी भांडलासुद्धा रागावूनच.

त्याचं नाव समाधान. निमगावात विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची. हे कळलं, तेव्हा ती बोटं मला कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचशील घेताना दुसऱ्या शिलावर माझा आवाज अडकला. अदिन्नादाना. जे दिलेलं नाही, ते मी घेणार नाही. पंधरा वर्षं रोज म्हणतेय. त्या सकाळी ते पहिल्यांदा माझ्याशी बोललं. मेणबत्ती पुरती जळायच्या आत मी तो व्हिडिओ काढून टाकला आणि समाधानला फोन केला.

“मला आबांना भेटायचंय.”

“कशाला?”

“क्षमा मागायला.”

तिकडं मोटारीची घरघर. मग, “रविवारी या. रागावलोय मी अजून... पर या.”

आबा पडवीत बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, बारीक अंगकाठी आणि मांडीवर ठेवलेले रिकामे हात. रिकामे हात इतके रिकामे दिसू शकतात, हे मला माहीत नव्हतं.

“जय भीम, आबा.”

“जय भीम. कुणाची तू?”

“रविराज मास्तरांची भाची. कन्हेरीची करुणा. तो व्हिडिओ... मी केला होता.”

त्यांनी डोळे बारीक केले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण ते म्हणाले, “पिशवी काखंत धरून डाव्या अंगाला हुबी ऱ्हायची, ती तू व्हय गं?”

मी मान हलवली.

“मला वाटायचं, ही पोरगी इचारणार. आज इचारंल, फुडल्या बाजाराला इचारंल. धा बाजार वाट बघितली म्या. अकराव्याला तू आलीच न्हाईस.”

“शाळा सुरू झाली होती, आबा. आणि... मला विचारायची भीती वाटायची.”

“आन घ्यायची न्हाय वाटली?”

ते रागानं नाही म्हणाले. म्हणूनच लागलं. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले, अगदी आवाज न करता; मला रडणंही हळूच जमतं. समाधान आत गेला, पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि कुणाला द्यावा ते न कळून तसाच उभा राहिला.

मग आबांनी सांगितलं. ही जादू त्यांचीही नाही. झुंबर नावाचा एक सुईवाला होता, मोरगावच्या बाजूला गावोगाव फिरायचा. त्याच्याकडून आबांनी घेतली. झुंबरच्या अटी तीन. पैसा घ्यायचा नाही. मागितल्याशिवाय द्यायचं नाही. आणि मागणाऱ्याला तीन बाजार मागायला लावायचं. खरंच हवं असेल तर तो तिसऱ्या बाजारालाही येतो.

“म्हंजे फुकट द्यायला आमची ना न्हाय, पोरी. फुकटच दिलं मला बी. पर इचारणाऱ्याला दिलं. तू रस्त्यानं जाणाऱ्याच्या खिशात टाकलंस. त्याला ना हौस, ना कदर. त्यो वरडणारच.”

“आणि मी म्हणाले, कुणाचीच नाही.”

“तेवढं लागलं बघ,” आबा म्हणाले. “झुंबरचं नाव घेणारा आता म्या येकटा.”

“मी तो काढून टाकला, आबा.”

“काढायच्या आदी मला दावायचास तरी.” त्यांचे डोळे पहिल्यांदाच मिश्किल झाले. “बरं, हितं करून दाव. दोरा हाय का?”

पर्समध्ये ते रीळ होतं. मी करून दाखवलं. आबांनी एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा करायला लावलं, आणि मग जे हसले, जे हसले... खोकला लागेपर्यंत.

“अगं, हे माझं न्हाईच! हात ग्वाड हाय तुझा, झक्क हाय. पर झुंबरचं असं न्हवंच कवा!”

समाधान आणि मी एकमेकांकडं बघतच राहिलो. मी मुळात चुकीचं ओळखलं होतं! सहा लाख लोकांना जे कळलं, ते आबांचं गुपित नव्हतंच. ‘अंगठ्यामागं’ ओरडणाऱ्यापुढं आबांनी नुसता हात उघडला असता, तरी तो तोंडावर पडला असता.

“मग आबा, तवा उघडला का न्हाय हात?” समाधाननं विचारलं.

“कुणासाठी उघडू?” एवढंच म्हणाले.

त्यांचं खरं कसं, ते मला अजूनही ठाऊक नाही. आणि ठाऊक असतं, तरी सांगितलं नसतं.

मी नवा व्हिडिओ केला. या वेळी चेहऱ्यासकट. पाच वेळा घाम पुसला, सहाव्यांदा जमलं. म्हणाले, “जी जादू मी कुणाचीच नाही म्हणाले, ती झुंबर यांची आणि ज्ञानदेव आबांची आहे. मी न विचारता घेतली होती. माझी चूक झाली. फसवणाऱ्यांचे चमत्कार मी उघडे करतच राहीन. पण गमतीची जादू इथून पुढं फक्त करून दाखवेन. ज्याला शिकायची आहे त्यानं मागावी. एकदा नाही, तीनदा. मी फुकटच शिकवेन.”

लोकांनी धुतलं मला. कुणी म्हणालं, भाव खायला लागली. कुणी म्हणालं, आता पैसे मागणार बघा. माझ्या रविवारच्या धम्मवर्गातल्या मुलींनीसुद्धा तोंडं फुगवली. मी सगळं वाचायची आणि समाधानला फोन करायची. तो म्हणायचा, “रागावलेत व्हय? मला ठाऊक हाय ते कसं असतं. उतरतो राग. लासुर्णेपातूर.”

मग एके दिवशी तो आमच्या दारात. हातात पान्यांची पिशवी.

“मोटार बघायला आलोय,” तो आईला म्हणाला.

माझी आई केसरबाई. तिनं त्याला खालून वर पाहिलं. “आमची मोटार तर चालू हाय.”

“चालू असतानाच बघावी, मावशी. बंद पडल्यावर काय बघायचं?”

आईनं चहा टाकला. मोटार विहिरीवर, विहीर पेरूच्या बागेच्या पलीकडं. आम्ही बांधावरून निघालो. थंडी होती, पिकल्या पेरूंचा वास होता आणि मध्येच वाटेत आडवी आलेली एक फांदी त्यानं माझ्यासाठी वर धरली. मी खालून पुढं गेले तरी तशीच धरून राहिला.

“तुमचा तो नेम काय म्हणता? दिल्याशिवाय घ्यायचं न्हाय?”

“हो. काहीच नाही. हा घरचा पेरूसुद्धा आईला विचारून तोडते.”

“आन आमच्यात मागितल्याशिवाय देत न्हायत.”

“ठाऊक आहे.”

“म्हंजे बघा,” फांदी अजून त्याच्या हातातच. “एखाद्याकडं द्यायला काही असंल... आन समोरची मागणारच न्हाय... आन दिल्याशिवाय घेणार बी न्हाय...”

“मग... अवघडच आहे,” मी म्हणाले.

“लय अवघड हाय.”

फांदी सुटली. पानांवरचं दव माझ्या तोंडावर उडालं. मी पुढं चालायला लागले ती जवळजवळ पळतच. मागायची भीती माझी जुनी, दहा बाजारांची.

मोटार अर्थातच उत्तम चालू होती.

महिन्याभरात एकेचाळीस जणांनी तीनदा मागितलं. फक्त एकेचाळीस. आबांना सांगताना मला संकोच वाटला. सहा लाखांतून एवढेच.

“येकेचाळीस?” आबा ताठ बसले. “लय झालं की! मला अख्ख्या जल्मात येकानं बी इचारलं न्हाय.”

दारात समाधान उभा होता, हातात तारेचं बंडल. त्याचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला.

“आबा,” तो म्हणाला, “मला वाटायचं, तुमी आपलं आपणच शिकवाल. शिकवलं न्हाय म्हंजे माझ्या हाताला ते जमणारं न्हाय.”

“मला वाटायचं, तुला बाजारात बसायची लाज वाटती.”

“आधी वाटायची.” तो उंबऱ्यावरच बसला. माझ्याकडं बघून म्हणाला, “तुमी न मागता घेतलं. मी घरात असून मागितलंच न्हाय. जास्त चूक कुणाची, सांगा.” मग आबांकडं वळून, हळू, “आबा, मला शिकवा.”

“आज बाजार हाय का?” आबांचा आवाज फाटला होता, तरी ऐट सोडली नाही. “बाजारादिवशी माग.”

त्यानं तीन बाजार मागितलं. तिसऱ्या बाजारी आबांनी स्वतः माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली आणि जाहीर केलं, की पुढच्या बाजाराला बसणार. करुणानं यायचंच.

मी दिनदर्शिका पाहिली आणि कपाळाला हात लावला. माघ पौर्णिमा!

पौर्णिमेला मी अष्टशील पाळते. पांढरी साडी, बारानंतर जेवण नाही, आणि नाचगाणी, खेळतमाशे बघायचे नाहीत. जादू म्हणजे तमाशाच की. दहा वर्षांत मी एक पौर्णिमा चुकवलेली नव्हती. आणि ज्या खेळासाठी हा सगळा खटाटोप, तो नेमका त्याच दिवशी.

“नका येऊ मग,” समाधान फोनवर म्हणाला. समजुतीनं म्हणाला, पण आवाज पडला होता.

“येणार,” मी म्हणाले. “बघणार नाही.”

आणि तशीच गेले. बाजार भरात होता. ज्वारीचे ढीग, गवारीची पोती, कांद्याच्या टेंपोवर लाऊडस्पीकर. आबांभोवती रिंगण जमलं आणि मी रिंगणाकडं पाठ करून उभी राहिले, मुक्ताबाई भाजीवालीच्या मेथीच्या ढिगापाशी. ढिगाच्या पलीकडं माझ्याकडं तोंड करून समाधान. त्याला आबा दिसत होते. मला समाधान दिसत होता.

“बाई,” मुक्ताबाई म्हणाल्या, “जादू तिकडं हाय. तू इकडं काय बघतीस?”

“मला जादू बघायची नाही, मावशी. आज शील आहे.”

“मग बघतीस काय?”

चौथं शील! मी एक श्वास घेतला. “यांच्याकडं बघतेय.”

मुक्ताबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. “हां, मग बघ बघ. त्याला काय शील लागत न्हाय.”

समाधानचे कान लाल झाले. तेवढ्यात मागून दोरा तुटल्याचा बारीक आवाज आला. लोकांनी मोजलं, “एक... दोन...” सातपर्यंत. समाधानचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. मग तो आवाज आला, ज्याची आम्हाला धास्ती होती.

“आबाऽ, अंगठ्यामागं हाय! मोबाइलमदी बघितलंय!”

लोक हसले. समाधानचा श्वास थांबला. मी माझ्या मनगटावरचा दोरा घट्ट धरला आणि त्याच्या डोळ्यांवरची नजर हलवली नाही. त्या डोळ्यांत मी सगळं बघत होते. आबांचा हात वर आला, असं त्याच्या भुवयांनी सांगितलं. हात उघडला... एक बोट, मग दुसरं, मग अंगठा. रिकामा. समाधानचा डावा डोळा हळूहळू मिटायला लागला.

मागून आबांचा आवाज, “तूच ये फुडं. तुझीच मूठ उघड. हां... टोक धर. वढ.”

आणि मग जो गलका उठला! शिट्ट्या, टाळ्या, हसणं. त्यात ओरडणाऱ्याचंच हसणं सगळ्यांत मोठं. “आयला, आबा! माझ्याच हातात?” सात सुया उन्हात झुलत असणार. त्यांची चमक मी पाहिली नाही. पण समाधानच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यात काहीतरी लखलखलं, एवढं नक्की.

“ही झुंबरची जादू!” आबा ओरडले. “झुंबर सुईवाल्याची! तुटलेलं जोडायचं असंल तर सुई घ्या, बाई, सुई!”

समाधान मेथीच्या ढिगाला वळसा घालून माझ्यापाशी आला. “काय झालं, सांगू?”

“नको. दिसलं मला.”

तो नुसता उभा. द्यायला काहीतरी असलेल्या माणसासारखा. मी त्या रिंगणाच्या डाव्या अंगालाच उभी होते, जिथं लहानपणी दहा बाजार उभी राहिले आणि तोंड उघडलं नाही.

“मला...” मी म्हणाले, “तुमच्याकडून काहीतरी हवंय.”

“काय? ऐकू येईना!” कांद्याचा लाऊडस्पीकर बोंबलत होता.

“मला तुम्ही हवे आहात,” मी जरा मोठ्यानं म्हणाले.

“आं?”

“मला तुम्ही हवे आहात!” इतक्या मोठ्यानं मी जन्मात बोलले नव्हते. आणि नेमका त्याच क्षणी कांदेवाल्यानं स्पीकर बंद केला.

बाजार आमच्याकडं बघायला लागला. मुक्ताबाईंनी मेथीची जुडी छातीशी धरली. समाधानच्या चेहऱ्यावर आधी पहाट झाली, मग एकदम दुपार. पण बदमाश तो बदमाशच. खाली वाकून म्हणाला, “तीन बाजार मागावं लागतं, म्याडम. आज पयलाच हाय.”

“थांबेन,” मी म्हणाले. “पुढच्या बाजाराला येते.”

“समाधान!” रिंगणातून आबांची आरोळी आली. “तिनदा बोलली ती, म्या मोजलंय! लय नेम नको शिकवू. दे तिला!”

“दिलं, आबा!” तो ओरडला. मग माझ्याकडं बघून, फक्त मला ऐकू येईल असं, “कवाच दिलं हुतं. लासुर्णेच्या टपरीवर. तू मागायची वाट बघत हुतो.”

तू. त्यानं मला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं.

परतीच्या गाडीत मी कन्हेरीला बरोबर उतरले. आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

“कसा झाला खेळ?”

“मी नाही पाहिला, आई. पाठ करून उभी होते.”

“मग येवढी हसतीस कशाला?”

सूप तिच्या हातात थांबलेलं. ती वाट बघत होती. दुसरी कुणी असती, तर म्हणाली असती, काही नाही गं, उगीच. पण मला चौथं शील. मी तिच्याशेजारी टेकले आणि सांगून टाकलं. दोऱ्याच्या रिळापासून मुक्ताबाईंच्या मेथीपर्यंत, सगळं.

आईनं ऐकून घेतलं. एक खडा वेचून बाजूला टाकला. मग पुन्हा सूप हलवायला लागली.

“त्यांच्या आबांना म्हणावं,” ती म्हणाली, “येत्या रविवारी सुया घेऊन या. माझ्या संपल्यात.”